भांडी घासताना देवाच्या सान्निध्यात



उपवासकाळातल्या एका शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, आमच्या प्रार्थनागटातील एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष उलटून गेले होते. घरात दुसरे बाईमाणूस नाही, यजमानांची अंबडच्या कारखान्यात पाळी, मुलगा बारावीला. ताई म्हणाल्या, "मला आता प्रार्थनाच होत नाही. जपमाळ हातात घेतली की दुसऱ्या रहस्यापर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो. नाही लागला तर नुसते शब्द तोंडातून जातात. देव माझ्याशी बोलायचा थांबलाय. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

आम्ही काय सांगितले असेल? नऊ दिवसांची नोव्हेना करा. पहाटे अर्धा तास लवकर उठा, तेव्हा मन शांत असते. सासूबाईंची कूस बदलायला जी बाई रात्रीतून तीनदा उठते, तिला आम्ही आणखी लवकर उठायला सांगितले! त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे चार महिने त्या गटात आल्या नाहीत. रविवारी मिस्साला यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जायच्या.

त्यांचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहून गेला. तेव्हापासून दर मंगळवारी एकत्र बसून आम्ही प्रार्थनेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आणि काही संतांची चरित्रे वाचत आहोत. आम्ही कोणी धर्मपंडित नाही. जे समजले, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

'गूढ' म्हणजे काय?

ख्रिस्ती परंपरेत देवाच्या प्रत्यक्ष अनुभवाला गूढानुभव म्हटले जाते आणि असा अनुभव लाभलेल्या संतांना गूढवादी संत. आमच्यातल्या बहुतेकांनी हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येते ते दर्शन, हवेत तरंगणारे संत, हातापायांवर उमटलेले व्रण. हे सारे काही संतांच्या चरित्रांत आहे हे खरे. पण ते मुख्य नव्हे. पौर्वात्य असो वा पाश्चात्त्य, ख्रिस्तसभेचे सर्व थोर गुरू एका गोष्टीवर ठाम आहेत: दर्शनांच्या मागे लागू नका. क्रुसाचा संत योहान तर दर्शने आली तरी त्यांना चिकटून बसू नका, असे बजावतो.

या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा संबंध मिटण्याशी आहे. डोळे मिटणे, ओठ मिटणे. बोलणे थांबले की जे उरते, ते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेचे तीन प्रकार सांगितले आहेत: मुखाने करायची प्रार्थना, मननचिंतन आणि ध्यानप्रार्थना. पहिल्यात आपण बोलतो, दुसऱ्यात विचार करतो. तिसऱ्यात आपण केवळ त्याच्यापाशी असतो आणि तो आपल्यापाशी असतो. त्या ग्रंथात ध्यानप्रार्थनेचा अर्थ सांगताना आविलाच्या संत तेरेजाचा आधार घेतला आहे. तिच्या लेखी ही प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात वेळ घालवणे. नवरा-बायको पन्नास वर्षांच्या संसारानंतर ओट्यावर शेजारी शेजारी बसतात, फारसे बोलत नाहीत, तरी एकाला उठावेसे वाटत नाही. तसेच काहीसे.

आणि ही प्रार्थना मठातल्या भगिनींसाठी राखून ठेवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण या एकाच मुद्द्यावर लिहिले, की पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे. सर्वांना, म्हणजे नोट प्रेसमध्ये काम करणाऱ्याला, द्राक्षबागेत रोजाने जाणारीला आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेलाही.

बाळ येशू आपल्याकडे कोणाच्या घरून आला?

आपल्या नाशिककरांना या विषयाची वाट शोधायला लांब जावे लागत नाही. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आपण दर फेब्रुवारीत जातो. मेणबत्त्या लावतो, नवस बोलतो, नवस फेडतो, रांगेत ओळखीचे भेटतात त्यांची विचारपूस करतो. पण हा राजमुकुट घातलेला, हाती पृथ्वीगोल धरलेला बाळ येशू मुळात कोणाच्या घरचा, हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होते.

ती मूर्ती चेक देशातील प्राग शहराची. मूळ मूर्ती स्पेनमधून तिथे गेली आणि १६२८ साली पोलिक्सेना लोबकोविच या सरदार घराण्यातील स्त्रीने ती प्रागच्या कार्मेल मठाला दिली. हे कार्मेल संघीय म्हणजे आविलाच्या तेरेजाने आणि क्रुसाच्या योहानाने सुधारणा करून उभ्या केलेल्या शाखेचे, अनवाणी म्हणवले जाणारे व्रतस्थ. मौन आणि अंतरीची प्रार्थना हेच त्यांचे मुख्य काम. पुढे युद्धात मठ लुटला गेला. हात मोडलेली ती मूर्ती वेदीमागच्या अडगळीत कित्येक वर्षे पडून राहिली. सिरिल नावाच्या एका कार्मेल संघीय फादरांना ती सापडली. ती धुऊनपुसून पुन्हा ठेवल्यावर तिच्यापुढे एकटेच प्रार्थना करत असता त्यांना बाळ येशूचे शब्द अंतरात ऐकू आले, अशी परंपरागत कथा आहे. तेव्हा ज्या भक्तीला आपण आज गर्दीची, बँडबाजाची आणि पाळण्यांची भक्ती म्हणून ओळखतो, ती एका मठाच्या शांततेत, एका माणसाच्या एकांतातून सुरू झाली. गर्दीला आमचा विरोध नाही, आम्हीही तिथे पापड विकत घेतो. पण मूळ ठाऊक असावे.

त्याच कार्मेल घराण्यातला एक बंधू आमच्या अभ्यासात आम्हांला सर्वांत जवळचा वाटला. त्याचे नाव बंधू लॉरेन्स. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. मूळ नाव निकोला हेरमाँ. तो सैन्यात गेला, पायाला जखम झाली, ती जन्मभर त्रास देत राहिली. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक निष्पर्ण झाड पाहून त्याच्या मनात आले, की काही दिवसांनी याला पालवी फुटेल, फुले येतील, फळे धरतील. बस्स, एवढेच. दर्शन नाही, आवाज नाही. पण देवाच्या सामर्थ्याची आणि काळजीची जी खूण त्याला त्या झाडात पटली, ती पुढे कधी पुसली गेली नाही.

१६४० साली तो पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाला. फादर होण्याइतके शिक्षण नव्हते, म्हणून बंधू म्हणून राहिला आणि त्याला नेमले स्वयंपाकघरात. त्याला हे काम मुळीच आवडत नसे. तरी शंभराच्या आसपास माणसांचा तो मठ आणि त्या भटारखान्यात तो सुमारे पंधरा वर्षे राबला. पाय फारच दुखू लागला तेव्हा बसून करायचे काम म्हणून चपला दुरुस्त करायला दिले. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी त्याचे मन फारसे लागत नसे, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणून त्याने एक साधी सवय लावून घेतली. काम करता करता, मधूनच, मनातल्या मनात देवाकडे वळायचे. एखादा शब्द बोलायचा किंवा तोही नाही. विसरला तर हळहळत बसायचे नाही, पुन्हा वळायचे. पहिली काही वर्षे हे जमले नाही आणि त्याने फार सोसले. पुढे पुढे असे झाले, की भटारखान्याच्या गोंगाटात, चार माणसे चार गोष्टी मागत असतानाही, तो पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकल्याइतका शांत असे. १६९१ मध्ये तो निवर्तला. त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे त्याच्या मृत्यूनंतर एका फादरांनी छापली. ते लहानसे पुस्तक जगभर आजही वाचले जाते, आणि कॅथलिकांपेक्षा कदाचित प्रॉटेस्टंट बांधवच ते अधिक वाचतात!

येशूसंघातही असाच एक दारवान होऊन गेला. संत अल्फोन्सो रॉड्रिग्ज. बायको गेली, मुले गेली, धंदा बुडाला. चाळिशीच्या आसपास तो बंधू म्हणून संघात आला आणि मायोर्का बेटावरच्या एका कॉलेजच्या दारावर चाळीस वर्षांहून अधिक काळ बसला. दार वाजले, की प्रभूच आला आहे असे समजून तो उठे आणि त्याला तसेच उत्तर देई. विद्यार्थी, भिकारी, निरोप्या, सारे त्याला एकच. तेथे शिकणारा एक तरुण पीटर क्लेव्हर या दारवानापाशी येऊन बसू लागला आणि त्याच्याच सल्ल्याने अमेरिका खंडात गुलामांच्या सेवेला गेला. १८८८ साली त्या दोघांना एकाच वेळी संतपद जाहीर झाले. आपल्या फ्लॅटची बेल दिवसातून किती वेळा वाजते? दूधवाला, कुरियर, वरच्या मजल्यावरच्या काकू. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी आठवडाभर हा प्रयोग केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, की पहिल्या दोन बेलांना जमले, तिसऱ्या बेलला ते कपाळाला आठ्या घालूनच उठले.

हे आपले आहे का?

इथे एका शंकेचा विचार केला पाहिजे, कारण ती आपल्याच धर्मग्रामात अनेकांनी बोलून दाखवली आहे. डोळे मिटून स्वस्थ बसणे, श्वासाकडे लक्ष देणे, हे आपले नव्हे, ते दुसऱ्या धर्मांचे. आपण प्रार्थना म्हणावी, गीत गावे, बायबल वाचावे. नाशिक हे गोदाकाठचे तीर्थक्षेत्र. पांडवलेण्यांच्या कोठड्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू ध्यानाला बसत. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला निघते. अशा ठिकाणी राहून आपले वेगळेपण हरवेल, ही भीती समजण्यासारखी आहे.

पण आपलाच इतिहास काय सांगतो? लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली मान्रेसा गावी होते. एकदा चालता चालता ते कार्दोनेर नदीकडे तोंड करून काठावर बसले. दर्शन झाले नाही, हे त्यांनीच पुढे स्पष्ट सांगितले. पण त्यांच्या बुद्धीचे डोळे उघडले आणि जन्मभरात मिळाले नसेल इतके ज्ञान त्या एका बैठकीत मिळाले. म्हणजे नदीकाठी स्वस्थ बसणेही आपल्या परंपरेत बसते.

आणखी जवळ येऊ या. नारायण वामन टिळक आई वारल्यावर लहान वयात नाशिकला आले, इथे शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने नवा करार भेट दिला. तो त्यांनी वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. ते वाचून संपवल्याशिवाय त्यांना पुस्तक खाली ठेवता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, आपण कॅथलिक, पण मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेत देवाशी बोलायला शिकवले ते त्यांनीच. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग आणि भजने रचली, कीर्तने केली. पुढे १९१७ मध्ये, सारे सोडून, साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्हांला मात्र लक्ष्मीबाईंची गोष्ट अधिक मोलाची वाटते. टिळकांनी धर्मांतर केले तेव्हा त्यांचा संसार मोडल्यातच जमा झाला होता. जवळजवळ पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, अपमान सोसला, आजारपणे काढली. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरात वाढलेल्या बाईच्या मनातून जातिभेद गळून पडला, तो कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. एकटीनेच विचार करत बसल्या असता त्यांना आतून कळले, की हे भेद देवाने केलेले नाहीत. 'स्मृतिचित्रे'त ही हकिकत त्यांनी अगदी साधेपणाने सांगितली आहे, जणू काही विशेष घडलेच नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच नेले. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या, पोरांचे, पाहुण्यांचे आणि टिळकांच्या लहरींचे करता करता थकलेल्या या बाईंना कोणी गूढवादी म्हणत नाही. १९३६ साली नाशिकलाच त्यांचे देहावसान झाले. आम्ही त्यांना या लेखात घेतले ते मुद्दाम.

आता ध्यानाच्या पद्धतींविषयी. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डी मेलो यांनी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात 'साधना' संस्था चालवली. त्यांचे त्याच नावाचे पुस्तक १९७८ साली आले आणि कित्येक फादर-सिस्टरांनी त्यातून स्वस्थ बसायला शिकून घेतले. १९८७ मध्ये फादर वारले. १९९८ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने सूचना काढली, की त्यांच्या काही लिखाणातील, विशेषतः नंतरच्या लिखाणातील, विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. त्याच विभागाने १९८९ साली, आविलाच्या तेरेजाच्या सणादिवशी, बिशपांना ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र पाठवले होते. त्याचा सूर आम्हांला समतोल वाटला. इतर धर्मांतल्या पद्धतींतले चांगले ते सरसकट टाकून देऊ नये. परंतु शरीर सैल झाले, मन हलके झाले, म्हणजे पवित्र आत्म्याचा अनुभव आला असे समजू नये. श्वासाकडे लक्ष देणे ही तयारी आहे, जशी पाट मांडणे ही जेवणाची तयारी. जेवायला कोण बोलावतो आणि ताटात काय वाढतो, ते त्याच्या हाती. ख्रिस्ती ध्यानात समोर कोणीतरी असतो. तो ख्रिस्त आहे, त्याला नाव आहे, त्याच्या हातांना जखमा आहेत.

खरड छाटणी

ताईंच्या प्रश्नाकडे वळू या. देव बोलायचा थांबला तर काय?

क्रुसाच्या योहानाला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या, सुधारणेला विरोध करणाऱ्या मंडळींनी पकडून तोलेदो येथे कोंडले. जेमतेम माणूस मावेल एवढी खोली, उजेडाला भिंतीत उंचावर एक फट. नऊ महिने. तेथून तो रात्री निसटला. त्या अंधारातून आलेल्या माणसाने प्रार्थनेतल्या अंधाराविषयी लिहिले आहे, म्हणून त्याचा शब्द आम्ही मानतो. तो म्हणतो, की प्रार्थनेतली गोडी आटली तर घाबरून जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण दुसऱ्याही कशात वाटत नाही ना? पूर्वीसारखे मनन करायला गेले तर जमतच नाही ना? आणि, हे फार महत्त्वाचे, आपण देवापासून दूर गेलो की काय याची मनाला टोचणी लागून आहे ना? ज्याची श्रद्धा कोमट झाली, तो काळजी करत नाही. त्याला क्रिकेट पुरते. ज्याला टोचणी आहे, त्याला देवच नव्या तऱ्हेच्या प्रार्थनेकडे नेत असतो, जिथे शब्द आणि गोडी दोन्ही लागत नाहीत.

हे वाचले त्या मंगळवारी आमच्यातले एक बागाईतदार काका बोलले. एरवी ते बोलत नाहीत. ते म्हणाले, "ही खरड छाटणी आहे." दिंडोरी-निफाड-पिंपळगावकडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी थोडे सांगतो. द्राक्षवेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. एप्रिलची खरड छाटणी मात्र अशी, की माल निघून गेल्यावर वेल पार खरडून टाकतात. ऐन उन्हाळ्यात मांडवावर नुसती खोडे आणि ओलांडे दिसतात. नवख्या माणसाला वाटेल बाग गेली. त्या छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिला त्या वेळी एकही घड लागत नाही. पण काका म्हणाले, की पुढच्या हंगामात येणारा घड त्याच महिन्यांत काडीच्या डोळ्यात तयार होतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. डोळा फोडून पाहिला तरी साध्या नजरेला काही दिसत नाही. त्या दिवसांत बागेला पाणी, खत आणि ऊन नीट मिळाले नाही, तर ऑक्टोबरात कितीही धडपड करा, घड कमीच.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू पित्याला बागवान म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीचीच तो छाटणी करतो, असे सांगतो. आम्ही हा अध्याय शंभरदा ऐकला आहे. काकांनी सांगेपर्यंत तो असा ऐकला नव्हता.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. सगळीच मरगळ ही आध्यात्मिक नसते. थकवा हा थकवाच असतो आणि सतत रडू येणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे हे डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे. त्यावर संतांची वचने चिकटवू नयेत. आम्ही ताईंना नोव्हेना चिकटवली होती, तशी. झोपेबद्दल तर लिझ्युच्या लहान तेरेजाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. चोविसाव्या वर्षी १८९७ मध्ये वारलेली ही कार्मेल भगिनी, १९९७ साली ख्रिस्तसभेची विद्वान गुरू म्हणून घोषित झाली. तीही प्रार्थनेला बसल्यावर वर्षानुवर्षे डुलक्या घेत असे. त्याबद्दल ती स्वतःला दोष देत बसली नाही. आईबापांना लेकरू जागे असो वा झोपलेले, सारखेच प्रिय असते, अशी तिची समजूत होती.

एका दुपारची भेट

शेवटी आमच्यातल्या दोघी ताईंच्या घरी गेल्या, उपदेश करायला नव्हे, माफी मागायला. ताई सासूबाईंना पेज भरवत होत्या. चमचा ओठांपाशी न्यायचा, थांबायचे, गिळेपर्यंत वाट पाहायची, हनुवटी पुसायची, पुन्हा चमचा. घाई केली तर ठसका लागतो. एक वाटी पेजेला अर्धा तास लागला. टीव्ही बंद होता. ताई एकदाही घड्याळाकडे पाहत नव्हत्या, त्यांची नजर म्हाताऱ्या आईच्या गळ्यावर खिळलेली. बसलेल्या दोघींनाही बोलवेना. त्या परत येऊन म्हणाल्या, की आपल्या एकाही पवित्र तासात आपण इतके शांत बसलेलो नाही.

वाटी रिकामी झाल्यावर एकीने भीत भीत विचारले, "आता तुम्ही प्रार्थना करत होता का हो?" ताई हसल्या. "प्रार्थना कसली? त्यांनी गिळलं की नाही ते बघत होते."

आविलाची तेरेजा १५७७ साली 'अंतरीचा किल्ला' लिहिताना आत्म्याच्या सात दालनांचे वर्णन करते. सर्वांत आतल्या, सातव्या दालनात पोचलेल्या माणसाची खूण काय? डोळे मिटून बसून राहणे नव्हे. तिच्या मते तिथे मार्था आणि मरिया एकत्र येतात. कामे, कामे आणि कामेच तिथून जन्माला येतात. स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींना ती सांगे, की प्रभू तुमच्या भांड्यांमध्येही फिरतो आहे. ताई कोणत्या दालनात आहेत हे ठरवणारे आम्ही कोण? त्यांना आजही कोरडेच वाटते, हे त्यांनी सांगितले. क्रुसाच्या योहानाविषयी आम्ही त्यांना थोडक्यात सांगितले, तेव्हा त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "नऊ महिने ना? माझं वर्ष झालं." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ज्यांना काहीतरी सुरुवात करायची आहे, त्यांना आम्ही एवढेच सुचवतो. संत इग्नेशियसनी घालून दिलेले आत्मपरीक्षण रात्री पाच-दहा मिनिटे करावे. पापांचा हिशेब तपासणे हा त्याचा एक भाग झाला. आधी दिवस आठवायचा, सकाळपासून. कुठे हायसे वाटले, कुठे मन आंबले, कोणाच्या चेहऱ्यापाशी आपण क्षणभर थांबलो. त्यात देव कुठे होता हे त्यालाच विचारायचे. सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्या उभ्याही हे होते. इग्नेशियस आपल्या सोबत्यांना सांगत, की आजारपणामुळे किंवा कामामुळे बाकीची प्रार्थना सुटली तरी चालेल, हे सोडू नका. पहिले पंधरा दिवस काहीच हाती लागणार नाही. आमच्याही लागले नाही.

दर गुरुवारच्या पवित्र तासात, फादरांच्या संमतीने, मधली पंधरा मिनिटे आता पूर्ण शांततेची असतील. पेटी वाजणार नाही, कोणी मोठ्याने प्रार्थना म्हणणार नाही, सूचना दिल्या जाणार नाहीत. ख्रिस्तशरीर वेदीवर असेल आणि आपण समोर. खोकला आला तर खोकावे. लहान मुले रडली तर त्यांना बाहेर नेण्याची घाई करू नये. मोबाईल मात्र कृपया घरी ठेवावा.

त्या तासाला येता यावे म्हणून ताईंच्या घरी गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ सासूबाईंजवळ कोणीतरी बसायला हवे आहे. अशीच आणखी तीन घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. पेज कशी भरवायची ते ताई शिकवतील. मिस्सानंतर वाचनालयाच्या दारापाशी वही ठेवली आहे, नाव आणि कोणता गुरुवार जमेल ते लिहावे. पहिल्या दोन गुरुवारची नावे आली आहेत, तिसऱ्याची जागा रिकामी आहे.